कट्

जुबैल. शटडाउनचा अकरावा दिवस.
आठ इंची लाइन, तीच फ्लँज, तीच गळती.
रात्री मी पान्याला पाइप अडकवून
अंगाचं सगळं वजन टाकलं होतं.

परकारचाचांनी जोड उघडला.
गॅस्केटची वेटोळी विस्कटलेली,
बॅगेत कोंबून आणलेल्या चकलीसारखी.
"आवळलंस की चिरडलंस?"
पुढं काही बोलले नाहीत.

नवं बसवलं. एक, पाच, तीन, सात,
समोरासमोर, थोडं थोडं,
पुन्हा पहिल्यापासून.
टॉर्क रेंच कट् म्हणाला
आणि त्यांनी हात काढला.
माझाच दंड उगाच ताठ.

पाणी भरलं, दाब चढला.
खाली अंथरलेला पुठ्ठा कोरडा.

रात्री फोनवर, खेडहून, शर्विल:
"बाबा, झाला अभ्यास."
कुठवर? वही दाखव,
ओठांशी आलं होतं.

कट्.