पॅन सोडण्याची वेळ

दाखल्यावर माझी जन्मतारीख एक जून.
दुधगावच्या शाळेत आमच्या अख्ख्या वर्गाचीच एक जून,
गुरुजींनी एका सकाळी सगळ्यांना जन्माला घातलं.
आई म्हणायची, तू झालास तेव्हा गुऱ्हाळं पेटली होती,
वारणेकाठी धूर होता, आणि दाराशी
कुणीतरी काकवीची घागर ठेवून गेलं होतं.
म्हणजे कार्तिक. नाहीतर मार्गशीर्ष.
कागदाने साठ झालो, तरी आईच्या हिशेबाने
माझे पाच-सहा महिने कारखान्याकडे निघतात,
की कारखान्याचे माझ्याकडे,
हे टाइम ऑफिसातल्या उपाध्येला विचारलं
तर हसून म्हणाला, रायगोंडा आण्णा,
मुदतवाढीचं पत्र आलंय, तेवढं घेऊन जावा.

दोन हंगाम. ठोक पगार.
चंपाने वाचलं नाही,
मिठाच्या बरणीखाली ठेवलं, उडू नये म्हणून.
पोरगा चाकणहून फोनवर : बास झालं आता, पप्पा.
मागून सून : पण घरी बसून करतील काय?
दोघंही खरं बोलत होते.

अडतीस हंगाम माझं काम एवढंच,
कधी ते सांगायचं.
रस आटतो, दाणा धरतो, वाढतो,
मी काचेवर थेंब घेतो, बल्बासमोर धरतो,
अंगठ्याला बोट लावून तार काढतो
आणि म्हणतो, सोडा.
घाई केली तर भुकटी, मळीबरोबर जाळीतून वाहून जाते.
उशीर केला तर पॅन बसतो.
एकदा बसला होता, वस्तादांच्या पाळीत, त्यांच्या शेवटच्या वर्षी.
दोन दिवस आत उतरून आम्ही पहारीने साखर फोडत होतो
आणि वस्ताद खाली पहिल्या पायरीवर,
टोपी हातात घेऊन.
त्यांना कुणी काही बोललं नाही.
तेच वाईट होतं.

आता भिंतीवर स्क्रीन आहे, तिच्यावर आकडे.
इर्शाद मुल्ला आकडे वाचतो, तरी काच माझ्याकडे आणतो.
फेब्रुवारीत, तिसऱ्या पाळीला,
मी काच धरली. डावा डोळा मिटला. उजव्यात धुकं.
म्हणालो, अजून पाच मिनिटं.
तो म्हणाला, बरं आण्णा.
आणि तेवढ्यात खालून आवाज आला,
जड, संथ, झोपेतही ओळखीन असा.
पॅन त्याने आधीच सोडला होता.

सकाळी साखर पाहिली. एकसारखा दाणा.
माझ्या पाच मिनिटांनी काय झालं असतं
ते आम्ही दोघांनीही काढलं नाही.
पोराने फसवलं नव्हतं, मान ठेवला होता.
त्या मानाचंच ओझं घेऊन
बेचाळीस पायऱ्या उतरलो.

मे महिन्यात चंपा रव्याचे लाडू करत होती.
मी गॅसपाशी, सवयीने म्हणालो,
थांब, तार कच्ची आहे.
तिने पातेलं उतरवलंच.
"खाली ठेवला तरी शिजत राहतो की पाक.
जरा आधीच उतरवायचा असतो."
अडतीस वर्षं पाकावरच जगलो,
आणि एवढी गोष्ट घरात कळायची राहिली होती.
पत्राबद्दल ती बोलत नव्हती.
बहुतेक नव्हती.

रात्री बरणी उचलली.
पत्रावर ओलं गोल वर्तुळ,
साहेबांची सही फुगलेली.
मागच्या कोऱ्या बाजूला मी दोन ओळी लिहिल्या,
उपाध्येने त्या दोनदा वाचल्या.

यंदा भोंगा झाला तेव्हा शेवग्याखाली दाढी करत होतो.
पाय चपला शोधायला निघाले.
जाऊ दिले.
फाटकापर्यंत गेले, तिथे जरा उभे राहिले, परत आले.

डिसेंबरात सभासदांची साखर आली.
चिमूटभर चष्म्याच्या काचेवर घेतली, उन्हात धरली.
चंपा म्हणाली, चहा निवतोय.
दाणा चांगला होता.
दोन-तीन जुळे, एकमेकांना चिकटलेले,
ते काही मी इर्शादला सांगणार नाही.
किंवा सांगेन.
संक्रांतीला तो येणारच आहे.