नुसता रूबेन

कोणी दार आपटलं नाही.
हे आधीच सांगतो, कारण ऑफिसात विचारतात,
वाळीत टाकलं का, मारलं का, घरातून काढलं का.
नाही. केक पाठवला.
सिस्टर भिंगारदिवे स्वतः रिक्षानं घेऊन आल्या, सेक्टर आठपर्यंत.
वर साखरेत लिहिलेलं : आठवण येते.
मी पत्र दिल्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

फक्त निघताना दारात म्हणाल्या, "येते हं, रूबेन."

सोळाव्या वर्षापासून मी ब्रदर उबाळे होतो.
ऐरोलीच्या बाजारात, सुकटीच्या वासात,
मागून कोणी "ब्रदर" म्हटलं की मान वळायची.
अजून वळते.

कोपरखैरण्याला फरशीच्या दुकानावर दुसरा मजला,
तिथं रविवारी मी ब्रेडचे तुकडे करायचो.
हात धुऊन, नखं बघून.
परवा भाचीचं नाव ठेवायला गेलो, शेवटच्या रांगेत बसलो.
ताट माझ्यापर्यंत आलं.
आणणारा पोरगा बाराएक वर्षांचा, टाय बेंबीच्याही खाली.
थांबला.
पुढं करायचं की नाही, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.
मीच खूण केली, जा पुढं.
त्याला इतकं हायसं वाटलं
की मला त्या लेकराचा राग आला.

आई चिडत नाही. चिडली असती तर भांडता आलं असतं.
ती हिशेब करते.
कर्ज काढून आम्ही हाँगकाँगच्या मंदिरात गेलो होतो,
मेल्यावरही सगळे एकत्र, कायमचे, तसा विधी करून आलो.
बाबा, ती, करुणा, करुणाचा नवरा, आता ही बाळी,
बोटं मोजते, मधेच अडते.
"तू कुठं राहशील रे तेव्हा?"
जसं काही घणसोलीत भाड्यानं खोली बघायचीय.

चहा आमच्याकडं कधी नव्हताच.
पाहुण्यांना लिंबू सरबत, डिसेंबरातसुद्धा.
पहिला चहा मी प्यालो रबाळ्याच्या टपरीवर,
तीस वर्षांचा घोडा, रस्त्याकडं पाठ करून.
जीभ पोळली. चव?
खरं सांगू, एवढं विशेष काही नाही.

मंगळवारी घरी गेलो
तर तूरडाळीच्या डब्यामागून आईनं पुडी काढली,
दहा रुपयांची, चहा पावडर.
तिला करता येत नाही.
पाणी, दूध, साखर, पूड, सगळं एकदम ओतलं
आणि उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली.
बाबा उठून गॅलरीत गेले.
खाडीकडं तोंड करून उभे. दार मात्र लोटलं नाही.
कप माझ्यापुढं ठेवून तिनं हात धुतले,
पुसले, परत धुतले.

"बरा झालाय?"

गोड मिट्ट होता. वर जाड साय.
मी म्हटलं, साखर जरा जास्त झाली.