ऐंशी टक्के

पुंता अरेनासमध्ये दार उघडायचं तर
आधी वाऱ्याला विचारावं लागतं.
एदेलमिराबाई आत आल्या तेव्हा पावत्या उडाल्या,
माझा चहा कलंडला,
आणि घोंगडीत गुंडाळलेला लॅपटॉप
आजारी कोकरासारखा पुढे करत त्या म्हणाल्या,
"येर्को, ह्याचा आवाज बसलाय."

पट्टी शंभरावर होती. शंभरावरच असते नेहमी,
लोक तेवढं करूनच माझ्याकडे येतात.
मिक्सर उघडला: ब्राउझर बिचारा पस्तिसावर.
तो चढवला. ड्रायव्हर काढला, पुन्हा घातला,
यंत्र बंद केलं, चालू केलं.
चिलोए बेटावरचा त्यांचा रेडिओ
अजून विहिरीच्या तळातूनच बोलत होता:
बटाट्यांचे भाव, बोटीची वेळ, कुणाच्या तरी मयताची खबर.
"मोठ्यानं बोल की रे," बाई त्याला म्हणाल्या.

मग उलटा केला.
पोटाला दोन जाळ्या, बोटाच्या पेराएवढ्या,
आणि त्यांत गच्च
लोकर.

एकतीस वर्षं बाईंनी शेडमध्ये लोकर निवडली,
मऊ, राठ, मळकी, पोटाखालची,
डोळे मिटून सांगायच्या कुठली कुठल्या गाठोड्यात जाईल.
आता संध्याकाळी मांडीवर घोंगडी, घोंगडीवर लॅपटॉप,
म्हणजे त्याचं तोंड दाबून धरायचं
आणि वर तक्रार, की बोलत नाही.

जुना दातांचा ब्रश, एक लाकडी काडी.
फुंकर मारायची नाही, फुंकरीनं घाण आत जाते.
एकेक तंतू ओढून काढला.
बाईंनी तो पुंजका चिमटीत चोळला.
"मानेची आहे," म्हणाल्या. "चांगली."

रेडिओ खणखणीत बोलू लागला,
छताचा पत्रा थडथडत होता तरी.
घोंगडीवर फळी ठेवत जा, मी म्हटलं. तीन हजार पेसो.

दुसऱ्या दिवशी परत.
"तुझ्याकडे बोलतो. घरी गेला की पुटपुटतो."

दुकान बंद करून मी त्यांच्याकडे गेलो, स्क्रूड्रायव्हर खिशात.
टेबलावर लॅपटॉप, खाली फळी. शहाणी बाई.
रेडिओची खिडकी उघडी, आणि तिच्यामागे झाकलेली आणखी एक:
चालू कॉल. सहा तास अकरा मिनिटं.
पडद्यावर कुणी नाही. एक खुर्ची, खुर्चीवर अर्धा शिवलेला पडदा.

"आन्तोफागास्ता," बाई म्हणाल्या. "माझी ग्रिसेल्दा.
सकाळी लावते, झोपताना बंद करते."
"एवढं काय बोलता?"
"बोलायचं काय त्यात? ती तिचं करते, मी माझं."
तिकडे कुठंतरी शिवणयंत्र थोडं चाललं, थांबलं.

ध्वनीच्या मांडणीत अगदी शेवटच्या पानावर,
जिथं कुणी फिरकत नाही, तिथं लिहिलेलं असतं:
संभाषण चालू असताना इतर आवाज ऐंशी टक्के कमी करा.
आणि सर्वांत खाली: काहीही करू नका.

समजावून सांगितलं. यंत्राला वाटतं तुम्ही दोघी बोलताय,
म्हणून ते रेडिओला गप्प करतं.

बाईंच्या हातातला बटाटा सोलायचा राहिला.
"दिवसभर वाटतं त्याला तसं?"
"कॉल आहे तोवर."
"आम्ही गप्प असलो तरी?"
"तरी."

मी बाण 'काहीही करू नका'वर नेला.
माझ्या मनगटावर त्यांचा हात आला,
इतक्या वर्षांच्या लोकरीच्या तुपानं अजून मऊ.
"राहू दे. मी रेडिओजवळ सरकून बसेन."

मग दुरुस्ती झालीच नाही म्हणून
पैशांवरून घासाघीस. हजारावर आल्या,
शेवटी तेही नाही; चरबीत तळलेले
दोन मिल्काओ कागदात बांधून दिले, गरम.

मी कोट चढवत होतो,
तेवढ्यात रिकाम्या खुर्चीमागून
"आई, कोण आलंय?"

"कुणी नाही गं. आवाजवाला."