खळग्याची चव

कोवास्नात माझं काम तोलायचं.
गुरुवारी डोंगरावरून वाळलेल्या पाल्याची पोती उतरतात,
मी ती काट्यावर चढवतो, आकडा वाचतो,
आकड्याचे पैसे देतो. चवीचे नाही.
कंपनीच्या रजिस्टरात चवीला रकाना नाही.

अरान्का मात्र पोतं माझ्याकडे देण्याआधी
दरवेळी एक पान जिभेवर ठेवते.
सत्तरीची बाई. पुढचे दोन दात नाहीत.
चघळत नाही, नुसतं ठेवते,
आणि डोळे मिटून थांबते,
दाराआडून कुणी हळू बोलत असावं तशी.

गावावरच्या उतारात एक खळगा आहे.
जमिनीच्या पोटातून तिथे वायू येतो,
रंग नाही, पण वजनदार,
पाण्यासारखा तळाशी साचून राहतो.
पेटती काडी खाली नेली की गुडघ्यापाशी विझते.
वाट चुकलेलं पाखरू उतरलं तर पुन्हा उडत नाही.
आणि खाली गावात, हृदयाचे रोगी
त्याच वायूत लाकडी पायऱ्यांवर
कमरेपर्यंत बुडून बसतात,
नर्स घड्याळ बघत उभी.
मारतो तोच, तारतोही तोच.
सगळा मापाचा खेळ.

खळग्याच्या काठावर युरोम उगवतं,
करडं, कडू, पोटाच्या दुखण्यावरचं.
(आनंदाला आमच्या बोलीत ओरोम म्हणतात.
एका स्वराचं अंतर.)
तिथलं युरोम छातीएवढं, देठ बोटभर जाड,
नवी पोरं बघून हरखतात.
अरान्कानं तिथे कधी विळा लावला नाही.
"फुकटचं जेवण आहे तिथे," म्हणते,
"खाऊन खाऊन फुगलंय नुसतं.
कडू व्हायला जरा उपास लागतो."

यंदा पोती जड आली.
खळग्याची नव्हेत, उत्तरेच्या कड्यावरची,
मेंढ्यांच्या कुरणापलीकडची.
नेहमीचं सतरा किलोचं पोतं एकवीसवर.
"चांगलं वर्ष," मी म्हणालो.

तिनं पान जिभेवर ठेवलं.
दुसरं ठेवलं.
मग शेजारच्या पोत्यातलं.
आणि माझ्या काट्याशेजारीच थुंकली.
"खळगा."
"कड्यावरचं आहे ना? चिठ्ठीवर लिहिलंय."
"कड्यावरचंच. मीच कापलंय.
चव खळग्याची आहे."

चोंगोर क्लुजहून आला होता, विद्यापीठाचा,
देवदाराला एक पांढरी पेटी टांगून गेलेला.
तो म्हणाला, तू जन्मलीस तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत
या वायूचे तीनशेच्या थोडे वर होते,
आता सव्वाचारशेच्या आसपास.
म्हणाला, सगळंच काही पातळ होत नाही,
एखादं झाड उलट जहाल होतं,
कुठलं कुठे वळेल ते आधी सांगता येत नाही.
वहीत काहीतरी लिहिलं. पुन्हा खोडलं.

"मग एवढं सांग," अरान्का म्हणाली,
"बेनेदेकच्या पोटाला किती देऊ?
माझी चिमूट माझ्या मावशीची आहे.
तिची कुणाची होती ठाऊक नाही.
पान बदललं तर मी बोटं कुठून आणू?"

चोंगोर पेटीकडे बघत राहिला.

ती दोघं पायरीवर गेल्यावर
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा
मी एक पान उचलून तोंडात टाकलं.
कडू लागलं. चांगलं कडू.
किती लागायला हवं होतं
हे मला कधी माहीतच नव्हतं.

पैसे मोजून दिले, एकवीस किलोचे.
तिनं सतराचे घेतले,
चार किलोचे लेई टेबलावर परत सरकवले.
"ही हवा आहे," म्हणाली. "मी पाला विकते."

ते पैसे अजून खणात आहेत,
रबर लावून.
महिनाअखेर हिशेब द्यायचाय.