लवणीची वही

आमच्याकडे लवण म्हणजे मीठ नव्हे.
दोन टेकड्या जिथे खांदे पाडून बसतात
ती सखल जागा, आणि तिच्यातून जे वाहतं ते,
दोन्हींना एकच शब्द.
साक्रीच्या कचेरीतल्या नकाशात ती निळा केस आहे,
तोही मध्येच तुटलेला.

माझ्याकडे टेप आहे, टोकाला लोखंडी नट,
आणि सव्वीस विहिरींची वही.
दर अमावास्येला फिरते.
नट पाण्याला टेकला की विहीर टप् म्हणते.
कोरडीत तो दगडावर वाजतो,
आणि मालक घरात जाऊन काहीतरी शोधायला लागतो.

लवणीच्या पोटात, वावभर खाली,
काळ्या दगडाची एक भिंत होती, आडवी,
कुणीच न बांधलेली.
जुनी माणसं तिला कवाड म्हणत.
तिच्या वरच्या अंगाला पाणी पाठ टेकून बसायचं,
पार चैतापर्यंत.

मग खोलीकरण आलं. नारळ, फीत, पेढे.
सुपडूचं मशीन तासावर लावलेलं,
आणि खोल म्हणजे चांगलं, एवढंच सगळ्यांना माहीत.
तिसऱ्या दिवशी बकेट कवाडाला लागलं.
खण् असा आवाज झाला. मीही ऐकला.
टाळीही वाजवली.
रात्रीत पाणी निघून गेलं,
खालच्या गावातही पोचलं नाही.
विहीर सात, आठ, अकरा, बारा:
रेघ, रेघ, रेघ, रेघ.

"पानी कोठे गयं, भो?" कुणी विचारलं की
सुपडू मशीनची काच पुसत राही.
एक दिवस पायी आला, घमेलं घेऊन.
"मीच फोडं. आते कोठून सुरू करू?"

हिलाल आबा फडावरचे जुने पाटकरी,
पाण्याच्या पाळ्या त्यांच्या बोटांच्या पेरांवर.
त्यांनी लवणीकडे पाहिलंसुद्धा नाही,
काठी वर केली, माथ्याकडे.
"जखम आठे शे, पन ताप तठे."

माथ्यावर रुमशीबाईच्या शेळ्या.
गावानं सांगितलं, तीन वर्षं चराई बंद.
ती म्हणाली, उपास माझ्या शेळ्यांना
आणि पाणी तुमच्या कांद्याला?
सभेत पंख्याचा आवाज तेवढा राहिला.
शेवटी ठरलं: खालच्या प्रत्येक विहिरीमागे
आठवड्याला एक भारा चारा, तिच्या दारात.
तेवीस जण देतात. तिघं विसरतात.
वहीत मी तेही लिहिते.

चर खणले, ओळंबा सांगेल तसे, वाकडे.
पवन्या गवत पेरलं, वाळा लावला; निम्मा मेला.
कवाडाच्या भगदाडात चिकणमाती ओतली
आणि बैलांच्या जागी आम्हीच ती तुडवत राहिलो,
सुपडू सगळ्यांत जास्त वेळ,
टाचा फाटेपर्यंत.

बरी झाली, असं म्हणू नका.
कवाड अजून झिरपतं.
पाच नंबरच्या मालकानं परवा बोअर मारलं,
रात्री, गुपचूप;
जसं काही बोअरचं मशीन कुजबुजतं.

पण माघाच्या अमावास्येला
अकरा नंबरवर टेप सोडला:
आठ मीटर, नऊ,
टप्.
मी वर ओढून पुन्हा सोडला,
परकरी पोरीसारखी, चार वेळा.

परतताना लवणीच्या ओल्या काठाला
खेकड्याचं बीळ दिसलं, तोंडाशी मातीच्या ताज्या गोळ्या.
वहीत खेकड्यासाठी रकाना नाही.
समासात लिहिलं: एक.
सुपडूला हाक मारली. तो उकिडवा बसला,
बोट घालून बघू का, म्हणाला.
बघ, म्हटलं.
चावला.
सुपडू ओरडला,
पण बोट काही लवकर बाहेर काढेना.