भांडून लावावी मिरची

तेलाचा पंधरा किलोचा डबा,
खाली खिळ्यानं पाच भोकं पाडली,
सहावं पाडताना हातोडी अंगठ्यावर बसली.
माती काळी आणली होती, रेल्वेफाटकापलीकडची.
नुसती काळी नको, म्हणाली जुलेखाआपा,
पाणी धरून बसती, मुळ्या कुजत्यात.
थोडी वाळू घाल, चुलीची राख घाल,
अन् शेणखत, जुनं, वास गेलेलं.

रोपं तिनंच दिली,
दह्याच्या डब्यात उगवलेली सात.

मी बोट खुपसून खड्डा केला
तेवढ्यात वरच्या गॅलरीतून आवाज:
"थांब गं कालिंदा. कुणाशी भांडून आलीस का?"
"नाही बा."
"मग ढोबळी निघंल. मिरची रागानं लावावी.
माझी सासू आधी सासऱ्याला चार शब्द ऐकवायची,
मग खुरपं हातात घ्यायची."

आता मी भांडू कुणाशी?
दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या दंडाला रबर बांधते,
मूठ आवळा म्हणते, आता सोडा म्हणते.
घरमालकाशी भांडावं
तर नळ दहा दिवसांनी येतो, त्याची चावी त्याच्याकडं.

राहिला उत्रेश्वर.
चाकणला असतो. दोन वर्षं बोलणं नाही.
आई गेल्यावर पाटा त्यानं नेला,
वरवंटा माझ्याकडं राहिला.
असं कसं झालं, दोघांनाही सांगता येत नाही.
टेम्पो निघाला तेव्हा वरवंटा मोरीत होता, एवढंच.
माझं दार वाऱ्यानं आपटतं,
म्हणून वरवंटा दाराला लावते.

मातीच्या हातानंच फोन लावला.
"पाटा काहून नेलास?"
तो गप्प. मागं मशीन चालू.
मग सुटला.
माझ्या लग्नातल्या अहेरापासून सुटला,
मोडलेल्या लग्नापर्यंत आला.
मीही सोडलं नाही:
दवाखान्याचं बिल, रात्री उशाला कोण होतं,
शेवटचं पाणी कुणाच्या हातचं.
एकवीस मिनिटं.
मग दोघांनाही दम लागला.

"जेवलीस का?"
"नाही. मिरची लावायलेय."
"आत्ता? उन्हात?
दिवस कलल्यावर लाव की, माना टाकतील."

दिवस कलल्यावर लावली.

दोन रोपं तशीही गेली.
एकाला कोकडा आला, पानं मुठीसारखी मिटली,
आंबट ताक शिंपडलं, तर मुंग्या आल्या.
मे महिन्यात परभणीचं ऊन
गच्चीवर चप्पल ठेवू देत नाही;
जुनी साडी बांधली वरून,
तांदळाचं धुवण घातलं, डाळीचं घातलं.
फुलं यायची, पांढरी, खाली बघणारी,
अन् सकाळी डब्यात कण्यांसारखी पडलेली.
आपा म्हणाली, तोडू नको, रडू नको,
तिचं तिला ठरवू दे.

श्रावणात अकरा लागल्या.
पहिली लाल झाली ती बुलबुलानं नेली.
पाखराला तिखट लागत नाही म्हणतात.

भाकरीबरोबर एक तोडून खाल्ली.
थांबले.
दुसरी खाल्ली, बियांसकट.
डोळे कोरडे.
आपाला दिली, तिनं समोरच्या दातांनी चावली,
बराच वेळ टाकीकडं बघत राहिली.
"काकडी आहे ही," म्हणाली.
"तुझं भांडण मनापासून झालं नाही."

रविवारी त्याचा फोन आला. आता येतो रविवारी.
"निघाली का तिखट?"
"लई," म्हटलं. "नाकातनं पाणी."
तो हसला. कुठंतरी कुकरची शिट्टी झाली त्याच्याकडं.
मग म्हणाला,
"ठेचा कशात वाटायलीस मग?"

वारं सुटलं होतं.
दार येऊन वरवंट्याला टेकलं,
जरा मागं गेलं,
परत टेकलं.