एकोणीस मिनिटं

अल्बम एकोणीस मिनिटांचा झालाय.
बावीसचा व्हायला हवा होता.
विमा कंपनीत मी दिवसभर आकडेच जुळवतो,
तरी ही तीन मिनिटं कुठे गेली
ते वहीत नीट मांडता येत नाही.

मकरपुरा जीआयडीसीत जिगरच्या काकांची शेड.
दिवसा तिथे व्हॉल्व्ह घासतात, रात्री आम्ही.
भिंतींना गाद्या बांधल्यात, होस्टेलने भंगारात काढलेल्या,
कुणाकुणाच्या झोपेचे डाग असलेल्या.
ओरडताना जिगरच्या जिभेवर लोखंडाची चव येते.
म्हणतो, चांगलंय, आवाजाला गंज लागतो.

धना, तू पळायचास.
चार मोजायचास आणि तीनवरच सुटायचास,
विश्वामित्रीतली मगर मागे लागल्यासारखा.
आम्ही मागून धापा टाकत.
मीच म्हणालो होतो. मीच.
सेव-उसळीच्या गाडीवर, तर्रीने ओठ पोळलेले असताना,
"तू घाई करतोस रे. आमचं नाही बसत तुझ्याशी."
तू पावाने बशी पुसलीस.
"बरं," म्हणालास.
सगळ्यांचे पैसे देऊन गेलास.

मग दहेज. प्लँट, शिफ्ट, भाड्याची खोली.
दोन वर्षांत एकच मेसेज :
माझा स्नेअर तुमच्याकडे राहिलाय. कधी येऊ?
मी अंगठा पाठवला.
पिवळा, नुसता अंगठा.
कधी, ते लिहायचं राहिलं.

तुझ्या दाजींचा फोन आला तेव्हा
मी कुणाचा तरी क्लेम परत पाठवत होतो,
कागदपत्रं अपुरी म्हणून.

तुझ्यावर एकही गाणं नाही अल्बममध्ये.
जिगरने एक लिहिलं होतं, 'गेलास'ला 'आलास' जुळवून,
मग स्वतःच फाडलं. हे पेपरच्या आतल्या पानावर शोभेल, म्हणाला.
गाणी तीच जुनी : पालिकेवर, बॉसवर,
पुरात सोसायटीच्या पार्किंगमध्ये येऊन
स्कूटरींकडे बघत बसलेल्या मगरीवर.
बदलला फक्त वेग.
झैनबने जुन्या मोबाइलमधून तुला शोधून मोजला.
मिनिटाला दोनशे आठ.
"माणूस होता की शिलाई मशीन?"
आणि त्याच वेगाला बसली,
तुझ्याच स्नेअरवर, काठाची पट्टी सुटलेल्या.
आठवड्यात तिचं मनगट सुजलं. माझी बोटं फुटली.
चौथ्या गाण्याला एकदम कळलं,
ही घाई नव्हतीच, गाणंच एवढ्या पायांचं होतं,
आम्ही त्याला धरून ठेवत होतो.

असं म्हणायला बरं वाटतं.
सहाव्या गाण्यात तू घाईच करायचास, धना.
ते अजूनही बिघडतं त्याच जागी.
ते तसंच ठेवलंय.

रविवारी स्नेअर घेऊन बाबाजीपुऱ्यात गेलो.
तुझ्या आईने मोबाइल स्टीलच्या पेल्याला टेकवून ठेवला
आणि सगळा अल्बम ऐकला, ताठ बसून,
शाळेच्या निकालाला बसतात तशी.
जिगरच्या दोन शिव्यांना तुझे बाबा खोकले.
"संपलं?"
"संपलं, काकू."
"लवकरच संपलं."
आणि चहाचं आधण ठेवायला उठली.

तीन मिनिटं लागतात आधणाला, साधारण.
मी घड्याळ बघितलं नाही.
आत फ्रिज सुरू झाला
आणि खुर्चीवर ठेवलेला स्नेअर
आपोआप कुरकुरायला लागला, बारीक,
वाटाण्यावर वाटाणे घरंगळावेत तसा.
"काय वाजतंय?" आतून काकू.
खालच्या तारा आहेत, म्हटलं. बाजूच्या आवाजाने थरथरतात.
बंद करायला एक खटका असतो कडेला.
माझा हात तिथवर गेला होता.

बाबा म्हणाले, राहू दे.